सीलोमच्या गल्ल्या : बँकॉकमधील समलिंगी समाजाचे रात्रजीवन आणि खानपान

थायलंडची राजधानी बँकॉक ही समलिंगी व्यक्तींना आशियात सर्वांत मोकळी वाटणारी राजधानी आहे, असे पर्यटन व्यवसायात दीर्घकाळ सांगितले जाते. विधान खोटे नाही, पण अर्धे आहे. रात्री गल्लीतल्या टेबलाशी कोण कोणाचा हात धरून बसले आहे, याची चौकशी या शहराने सहसा केली नाही. त्याच टेबलाशी बसलेल्या दोन थाई नागरिकांना मात्र एकमेकांचे कायदेशीर जोडीदार होण्यासाठी २३ जानेवारी २०२५ हा दिवस उजाडावा लागला. ग्राहकाला मोकळीक आधी मिळाली, नागरिकाला हक्क फार नंतर. सीलोम परिसराची ओळख करून घेताना हे अंतर ध्यानात ठेवले, तर तिथल्या बऱ्याच गोष्टींचा उलगडा होतो.

सीलोम हा बँकॉकमधील एक जुना, हमरस्ता म्हणावा असा रस्ता. चाओ फ्राया नदीच्या बाजूने येऊन तो लुम्फिनी उद्यानाच्या कोपऱ्यावर संपतो. ‘सीलोम’ या शब्दाचा अर्थ पवनचक्की. आज तिथे पवनचक्की नाही; बँका, विमा कंपन्या आणि कार्यालयांच्या उंच इमारती आहेत. उद्यानाच्या कोपऱ्यावर राजे वजिरावुध यांचा पुतळा आहे. जवळच साला देंग हे स्कायट्रेनचे स्थानक आणि त्याच्या पायथ्याशी भुयारी मेट्रोचे सीलोम स्थानक आहे. स्कायट्रेन १९९९ मध्ये आणि भुयारी मेट्रो २००४ मध्ये सुरू झाली. त्यामुळे शहराच्या दूरच्या भागातील तरुणही येथे संध्याकाळी सहज पोहोचू लागले.

मुख्य रस्त्यातून फुटणाऱ्या गल्लीला थाई भाषेत ‘सोई’ म्हणतात. सोयांना क्रमांक असतात. सम क्रमांक रस्त्याच्या एका बाजूला, विषम दुसऱ्या बाजूला. समलिंगी समाजाचे सीलोम म्हणजे मुख्यतः सोई २ आणि सोई ४ या दोन अरुंद गल्ल्या. त्यांच्या दरम्यान थानिया ही जपानी ग्राहकांसाठी चालणाऱ्या मद्यगृहांची गल्ली येते, आणि पलीकडे पटपोंग. अवघ्या काही मिनिटांच्या चालीत असलेल्या या गल्ल्यांचे स्वभाव पूर्णपणे भिन्न आहेत. परदेशी पाहुण्याची पहिली चूक होते ती इथेच: तो या सर्वांना एकच समजतो.

पटपोंगची कथा थोडी मागून सांगावी लागते. हैनान बेटावरून आलेल्या एका चिनी कुटुंबाने १९४६ मध्ये ही जमीन विकत घेतली. पटपोंगपानिच हे त्यांचे आडनावच पुढे गल्लीला चिकटले. आरंभी येथे परदेशी कंपन्यांची आणि विमान कंपन्यांची कार्यालये होती. व्हिएतनाम युद्धाच्या काळात विश्रांतीसाठी येणाऱ्या अमेरिकी सैनिकांमुळे गल्लीचे रूप पालटले आणि ती मद्यगृहांसाठी जगभर माहीत झाली. समलिंगी ग्राहकांसाठीची पहिली मद्यगृहेही याच आसपास, साठ-सत्तरच्या दशकांत उघडली.

‘गे’ हा शब्द थाई भाषेत कसा शिरला, याचाही संबंध त्याच दशकाशी आहे. १९६५ मध्ये ‘बँकॉक वर्ल्ड’ या इंग्रजी दैनिकाचे अमेरिकी संपादक डॅरेल बेरिगन यांची हत्या झाली. थाई वृत्तपत्रांनी तपासाच्या निमित्ताने शहरातल्या एका अपरिचित जगाविषयी रकानेच्या रकाने भरले आणि तो शब्द सर्वतोमुखी झाला. पुढे सत्तरच्या दशकात एका नियतकालिकात ‘गो पाकनाम’ या टोपणनावाने सल्ल्याचे सदर सुरू झाले. त्यात समलिंगी वाचकांची पत्रे छापली जात. गावात एकाकी पडलेले शिक्षक, सैनिक, विद्यार्थी आपली व्यथा लिहून पाठवीत. ऑस्ट्रेलियन अभ्यासक पीटर जॅक्सन यांनी या पत्रांचा सविस्तर अभ्यास केला आहे. मद्यगृहांच्या दिव्यांपेक्षा या पत्रांतून त्या काळातील सामान्य थाई समलिंगी माणसाचे आयुष्य अधिक कळते, असे मला वाटते.

आता सोई ४. ही गल्ली नाचण्याची कमी आणि बसण्याची जास्त. दोन्ही बाजूंना उपाहारगृह व मद्यगृह अशी जोड असलेली ठिकाणे. टेबले बाहेर मांडलेली आणि खुर्च्यांची तोंडे गल्लीकडे. गोव्यातील जुन्या घराच्या बाल्कांवात बसून वाटेने जाणाऱ्या-येणाऱ्यांकडे पाहावे, त्यांच्यावर हळूच शेरे मारावेत, तसाच हा उद्योग. तेथील एका प्रसिद्ध ठिकाणाचे नावही ‘बाल्कनी’च आहे. समोरचे ‘टेलिफोन’ हे १९८०च्या दशकापासूनचे. प्रत्येक टेबलावर क्रमांक लावलेला दूरध्वनी ठेवायचा आणि पलीकडच्या टेबलावरचा माणूस आवडला तर त्याचा क्रमांक फिरवायचा, ही त्याची मूळ कल्पना. मोबाइलवरील ओळखीच्या अ‍ॅपच्या कितीतरी आधी लाजऱ्या माणसांची ही सोय कोणा चतुर मालकाला सुचली. याच गल्लीतील ‘स्ट्रेंजर’ या छोट्या जागेत ड्रॅग कलाकारांचे प्रयोग होतात. पुरुष कलाकाराने भडक स्त्रीवेश धारण करून गाणे, नक्कल आणि प्रेक्षकांची फिरकी यांतून उभा केलेला हा खेळ आहे. आपल्याकडील नाटकांतील स्त्रीपार्टी नटांची परंपरा माहीत असलेल्या वाचकाला त्यात परके वाटण्याचे कारण नाही. मात्र तेथे भर विडंबनावर असतो.

सोई ४ मध्ये एकटी बाई, दोन मैत्रिणी, पालकांसह आलेला तरुण, सत्तरीचा परदेशी गृहस्थ असे कोणीही बसलेले दिसते. कोणी कोणाला हटकत नाही. ‘समलिंगी-स्नेही’ या शब्दाचा अर्थ इथे व्यवहारात समजतो: ठिकाण समलिंगी ग्राहकाला गृहीत धरून चालते, आणि इतर पाहुणे म्हणून येतात.

सोई २ ही नाचाची गल्ली. प्रवेशाशी पहारेकरी ओळखपत्र पाहतात. आत ‘डीजे स्टेशन’ हे तीन मजली नृत्यगृह कित्येक वर्षे टिकून आहे. खालच्या मजल्यावर नाच, वरच्या सज्जांतून तो पाहण्याची सोय आणि रात्री उशिरा रंगमंचावर एक छोटा कॅबरे. येथे प्रवेशशुल्क असते आणि त्यात सहसा पेयाचे कुपन मिळते. दहाच्या आत गेल्यास रिकाम्या जागेत संगीताचा आवाज ऐकावा लागेल. गर्दी मध्यरात्रीच्या सुमारास जमते.

खाण्याविषयी मात्र थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण बँकॉकची रात्र पेल्याइतकीच ताटाची असते. सोई ४ मधील ठिकाणी हिरव्या पपईचे सोम ताम, कुटलेल्या भाताची पूड घातलेले लाप, परतलेला भात आणि आंबट-तिखट तोम याम हे नेहमीचे पदार्थ मिळतात. ते बरे असतात, उत्तम असतीलच असे नाही. चांगले खायचे असेल तर सीलोम ओलांडून समोरच्या कॉन्व्हेंट रस्त्याकडे वळावे. संध्याकाळपासून तेथे फुटपाथवर गाड्या लागतात. कोळशावर भाजलेली डुकराच्या मांसाची काडी, म्हणजे ‘मू पिंग’, आणि सोबत चिकट भाताची पुडी हे कार्यालयातून सुटलेल्यांचे आणि नाचून आलेल्यांचे सामाईक खाणे. त्याच परिसरातील आडगल्लीत ‘ईट मी’ हे उपाहारगृह १९९८ पासून आहे. समलिंगी जोडपी वाढदिवस किंवा लग्नाचा वाढदिवस साजरा करायला जातात अशा महागड्या ठिकाणांत त्याचे नाव वर्षानुवर्षे घेतले जाते.

रात्र सरताना थाई माणूस ‘खाव तोम’ शोधतो. पाण्यात मऊ शिजवलेला भात आणि सोबत खारवलेले अंडे, तळलेली मासळी, परतलेली पालेभाजी. गोव्याच्या माणसाला पेजेची आणि सोबतच्या खाऱ्या मासळीची आठवण झाल्याशिवाय राहणार नाही. मद्यपानानंतर पोट शांत करणारा तो उतारा आहे असे तेथेही मानतात.

शाकाहारी वाचकांनी सावध असावे. भाजीच्या साध्या पदार्थातही मासळीचा खारट अर्क, म्हणजे ‘नाम प्ला’, घातलेला असतो आणि सोम ताममध्ये सुकी कोळंबी असतेच. ‘जे’ हा शब्द लक्षात ठेवावा. पिवळ्या पताकेवर लाल अक्षरांत तो लिहिलेला असेल तेथे मांस, मासे, अंडी, दूध आणि कांदा-लसूणही वर्ज्य असतो. नाहीतर सीलोमवरच, नदीच्या बाजूला, श्री महामारियम्मन देवीचे मंदिर गाठावे. तमिळ स्थलांतरितांनी एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात बांधलेल्या या मंदिराला थाई लोक ‘वात खेक’ म्हणतात आणि त्याच्या आसपास भारतीय भोजनालये आहेत. गोड खाणाऱ्यांसाठी एक अवांतर माहिती: अंड्याच्या पिवळ्या बलकाच्या सोनेरी तारांची ‘फोई थोंग’ ही थाई मिठाई पोर्तुगीजांकडून आलेली. सतराव्या शतकात अयुथयाच्या दरबाराच्या स्वयंपाकघरात ती रुजवण्याचे श्रेय मारिया गुयोमार या स्त्रीला दिले जाते, आणि तिच्या वडिलांचे मूळ गोव्याशी जोडले जाते.

भोजन आणि प्रयोग एकत्र हवा असेल त्यांच्यासाठी नदीकाठच्या एशियाटिक या बाजारसंकुलातील ‘कलिप्सो’ हा कॅबरे आहे. १९८८ मध्ये स्थापन झालेल्या या मंडळीत पारलिंगी कलाकार काम करतात आणि प्रेक्षकांत सहकुटुंब आलेले पर्यटकच बहुसंख्य असतात. जन्माने पुरुष ठरवल्या गेलेल्या पण स्त्री म्हणून जगणाऱ्यांना थाई भाषेत ‘कथोई’ हा जुना शब्द आहे. रंगमंचावर, सौंदर्यप्रसाधनांच्या दुकानात, चित्रवाणीवर त्या दिसतात, म्हणून समाजाने त्यांना स्वीकारले असे पाहुण्याला वाटते. सैन्यभरतीतून सूट देताना त्यांच्या कागदांवर ‘कायमस्वरूपी मानसिक विकार’ असा शेरा मारला जात असे; न्यायालयाने २०११ मध्ये तो बेकायदा ठरवला. ओळखपत्रावरील लिंग बदलून घेण्याचा कायदा तेथे अजूनही नाही. टाळ्या मिळतात, नोकरीच्या अर्जावरचा ‘श्री’ मात्र जात नाही.

सीलोममध्ये परदेशी लोक जास्त दिसतात. थाई समलिंगी तरुण एकमेकांना भेटतात ती ठिकाणे बरीचशी दूर, ऑर तॉर कॉर बाजाराजवळच्या काम्फेंग फेत भागात, सफान ख्वाईत किंवा रामखामहेंगच्या लाम साली परिसरात वसली. तेथली पद्धत निराळी. नाचासाठी मोकळी जागा नसतेच. उंच गोल टेबलाभोवती मित्रांचा घोळका उभा, मध्ये सर्वांच्या वर्गणीची व्हिस्कीची बाटली, सोडा आणि बर्फाची बादली, समोर गाणारा वाद्यवृंद. एकट्या परक्या माणसाला त्या घोळक्यात शिरणे अवघड जाते, आणि मेन्यू केवळ थाई लिपीत असण्याची शक्यता मोठी. स्त्रियांसाठीची ठिकाणे याहूनही थोडी. पुरुषी वळणाच्या स्त्रीला ‘टॉम’ आणि तिच्या जोडीदारणीला ‘डी’ म्हणतात. टॉमबॉय आणि लेडी या इंग्रजी शब्दांचे हे थाई अवशेष. शहरात अशी जोडपी सर्वत्र दिसतात, पण त्यांच्या नावाने चालणारी रात्रीची गल्ली नाही. खिशात पैसा कोणाच्या असतो, यावर गल्ल्या वसतात.

पटपोंग आणि त्याच्या लगतच्या सुरावोंग रस्त्याकडील ठिकाणे वेगळ्या हिशेबाची आहेत. सुरावोंगवरील ‘सोई ट्वायलाइट’ ही पुरुष नर्तकांच्या मद्यगृहांची गल्ली २०१९ मध्ये पाडकामासाठी रिकामी झाली आणि त्यांपैकी काहींनी पटपोंगमध्ये बस्तान हलवले. थायलंडमध्ये देहविक्रय १९९६च्या कायद्याने गुन्हा आहे. तरी मद्यगृहाला ठरावीक रक्कम देऊन तेथील मुलाला बाहेर नेण्याची रीत उघड आहे. ही मुले बहुधा ईशान्येकडील इसान या गरीब प्रांतातून किंवा म्यानमार, लाओस, कंबोडियातून आलेली असतात. कायद्याच्या बाहेर असल्याने वेतनाची किंवा अत्याचाराची तक्रार त्यांनी कोणाकडे करावी? ‘मोकळ्या’ शहराचा हा भाग माहितीपुस्तिकांत येत नाही. पाहुण्याच्या दृष्टीने धोका वेगळा: रस्त्यावर चित्रांचा फलक दाखवून वरच्या मजल्यावर नेणारे दलाल आणि नंतर हातात पडणारे अवाच्या सवा बिल. त्यांच्यामागे जाऊ नये.

एड्सच्या साथीने या गल्ल्यांची कसोटी पाहिली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस सरकार पर्यटनाच्या चिंतेने गप्प असताना नाती तीरारोजनापोंग यांच्या नृत्यपथकाने मद्यगृहांतच प्रयोग करून सुरक्षित संबंधांची माहिती दिली. थाई रेड क्रॉसने १९९१ मध्ये नाव न विचारता तपासणी करणारे केंद्र बँकॉकमध्ये उघडले. राचादामरी रस्त्यावरील हे केंद्र सीलोमपासून चालत जाण्याच्या अंतरावर आहे. संसर्ग टाळण्यासाठी रोज घ्यावयाच्या गोळ्यांचा, दिवसाला ३० बाटमध्ये, उपक्रम याच संस्थेने २०१४च्या अखेरीस सुरू केला. सीलोमच्या रात्रीत जे काही खरोखर लोकांनी एकमेकांसाठी केले, त्यात हे काम मी सर्वांत वर मांडतो.

कायद्याचा प्रवास संथ होता. थायलंड कोणाची वसाहत नसल्यामुळे आपल्या कलम ३७७ सारखा ब्रिटिश वारसा त्याच्या माथी बसला नाही. १९०८च्या दंडसंहितेतील तत्सम तरतूद १९५६च्या संहितेने वगळली. आरोग्य मंत्रालयाने समलैंगिकता हा मानसिक आजार नाही असे २००२ मध्ये मान्य केले. दरम्यान २००१ मध्ये सरकारने ‘सामाजिक शिस्ती’ची मोहीम काढली. नृत्यगृहांवर धाडी पडल्या, ग्राहकांच्या लघवीच्या तपासण्या झाल्या, बंद होण्याची वेळ अलीकडे आणली गेली. पुढे दहा-बारा वर्षांनी पर्यटन प्राधिकरणाने समलिंगी परदेशी पाहुण्यांना ‘या, मोकळे व्हा’ अशा आशयाची जाहिरात करून बोलावले. त्या वेळी थाई समलिंगी जोडप्याला रुग्णालयात एकमेकांच्या शस्त्रक्रियेस संमती देण्याचा हक्क नव्हता.

तो हक्क विवाहसमानतेच्या कायद्याने दिला. प्रतिनिधिगृहाने २७ मार्च २०२४ रोजी ४०० विरुद्ध १० आणि सिनेटने १८ जून रोजी १३० विरुद्ध ४ मतांनी तो संमत केला. अंमल सुरू झाला त्या दिवशी देशभरात १८००हून अधिक जोडप्यांनी नोंदणी केली; बँकॉकमधील सामुदायिक सोहळा सियाम पॅरागॉन या भव्य विक्रीसंकुलात झाला. आग्नेय आशियात असा कायदा करणारा हा पहिला देश, तर तैवान आणि नेपाळनंतर आशियातील तिसरा. भारतीय नागरिकांनी हे लक्षात ठेवावे की तेथे केलेल्या अशा नोंदणीला येथे विवाह म्हणून मान्यता नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ मध्ये समलिंगी संबंध गुन्ह्याच्या कक्षेतून काढले, पण १७ ऑक्टोबर २०२३च्या निकालात विवाहाचा प्रश्न संसदेवर सोपवला. गोव्याचा नागरी कायदाही विवाह स्त्री-पुरुषांमध्येच मानतो.

वर्षातील दोन प्रसंगी सीलोम रात्रीची वाट पाहत नाही. एप्रिलच्या १३ ते १५ तारखांना सोंगक्रान, म्हणजे थाई नववर्ष, येते. पूर्ण रस्ता पाण्याच्या पिचकाऱ्यांनी भिजतो आणि सोई ४ मधून तर कोरडे बाहेर पडणे अशक्य असते. याच दिवसांत आशियाभरातील समलिंगी पुरुष मोठ्या नृत्यमेळ्यांसाठी शहरात येतात. हॉटेलांचे दर त्यानुसार चढतात. दुसरा प्रसंग जूनमधील अभिमान मोरच्याचा. महासाथीत दीर्घकाळ बंद ठेवलेली मद्यगृहे १ जून २०२२ रोजी उघडली आणि चारच दिवसांनी, ५ जूनला, सीलोमवरून मोर्चा निघाला. नुकतेच निवडून आलेले राज्यपाल चट्चाट सित्तिपन त्यात चालले. २०२४च्या मोर्चाला पंतप्रधान स्रेथा थाविसिन उपस्थित होते.

जाणाऱ्यांसाठी काही व्यवहाराच्या गोष्टी. मद्यगृहात प्रवेशाचे वय २० पूर्ण असून मूळ पारपत्र जवळ असावे. दुपारच्या मद्यविक्रीवर दशकानुदशके असलेली बंदी २०२५च्या अखेरीस शिथिल झाली. बौद्ध सणांच्या दिवशी मात्र निर्बंध लागू असू शकतात. बंद होण्याची वेळ साधारणतः रात्रीचे २, तर डिसेंबर २०२३ पासून परवान्यानुसार काही ठिकाणी पहाटेचे ४. ई-सिगारेट बाळगणेही अडचणीत आणते. राजघराण्याविषयी थट्टा, अगदी मद्याच्या भरातही, करू नये; त्याबद्दलची शिक्षा कित्येक वर्षांच्या तुरुंगवासाची आहे. सोई ४ मध्ये शेजारच्या टेबलाचे छायाचित्र विचारल्याविना काढू नये. तेथे बसलेला माणूस बँकॉकमध्ये निर्धास्त असेल. त्याचे घर चेन्नईत, क्वालालंपूरमध्ये किंवा मडगावात असू शकते. स्कायट्रेन मध्यरात्रीच्या सुमारास बंद होते. त्यानंतर साला देंगच्या कोपऱ्यावर टॅक्सीवाले मीटर न टाकता भाडे सांगतात. अ‍ॅपवरून गाडी बोलवावी, आणि ती येईपर्यंत कॉन्व्हेंटच्या तोंडाशी मू पिंगची गाडी उघडी आहे का, ते पाहावे.